मनगटावरची पावलं

लिलोंग्वे,
२२ सप्टेंबर

झियोने, अगं तळ्यातल्या बेडके,

फोनवर तुझा आवाज तीनदा तुटला, म्हणून हे पत्र. बसच्या कंडक्टरजवळ देतेय. त्याच्यापाशी एक खोकंही आहे. खोकं तुझ्या शाळेचं आहे, तुझं नाही, हे आधी डोक्यात घाल.

आत चाळीस मनगटी पट्टे आहेत आणि एक टॅबलेट. आमच्या शाळेत दोन वर्षं आम्ही खेळाचा तास यांच्यावरच घेतोय. पट्टा पावलं मोजतो. टॅबलेटवर मुलींचं चित्रण करायचं आणि ते हळू करून त्यांना दाखवायचं, म्हणजे चेंडू फेकताना कोपर कुठं ढिलं पडतं ते जिचं तिलाच दिसतं. मी घसा फोडून जे वर्षभर सांगायचे ते पोरींना आता दोन मिनिटांत कळतं. यंदा या प्रकल्पात बारा शाळा घेतल्यात. अकरा आधीच ठरल्या होत्या, बाराव्या शाळेचं नाव मी सुचवलं. आभार मानू नकोस, तुझ्या मामाने माझं डोकं खाल्लं म्हणून सुचवलं.

नियम सोपा आहे. पट्टा सकाळी उठल्यावर बांधायचा, झोपताना काढायचा. दर शुक्रवारी आकडे पाठवायचे, मग प्रकल्पाच्या फळ्यावर बारा शाळांची यादी लागते. आणि नाताळानंतर या बारांतून एका शिक्षकाला मुख्य प्रशिक्षक नेमणार आहेत. त्याने देशभर शाळाशाळांतून हिंडून बाकीच्यांना शिकवायचं.

ती जागा मला हवी आहे, झियोने. पट्ट्यांची पुस्तिकासुद्धा मीच लिहिली आहे. शाळेच्या नेटबॉलमध्ये तू गोल मारायचीस आणि मी आपल्या गोलाखाली उभी राहून समोरच्यांचे अडवायचे. मी दहा अडवले आणि तू एक मारलास तरी टाळ्या तुला. एकदा तरी मला मिळू देत. हसत लिहितेय, पण खरं लिहितेय.

आत्याला सांग, तिच्या हातचा सुका उसिपा मासा संपला.

तुझी मामेबहीण,
एलुबे


न्खोताकोटाजवळ,
११ ऑक्टोबर

निळ्या फरशीच्या महाराणी एलुबे यांस,

खोकं पोचलं. कंडक्टरने त्यावर कोंबड्या ठेवल्या होत्या, पण टॅबलेट शाबूत आहे.

पट्टे वाटायच्या दिवशी गावप्रमुख स्वतः आले. सातवीची चाळीस मुलं रांगेत उभी होती आणि त्यांनी प्रत्येकाच्या मनगटाकडे असं बघितलं की जणू लग्नंच लावतायत. आता न्हाव्याच्या दुकानातल्या सौर पेटीवर आम्ही पट्टे पाळीपाळीने चार्ज करतो. शुक्रवारी आकडे पाठवायला मला टेकडी चढावी लागते, खाली रेंज नाही. त्यामुळे माझीही पावलं वाढतायत, तुझ्या कंबरेला मात्र काही आशा दिसत नाही.

टॅबलेटवर मी सगळ्यांत आधी माझंच चित्रण करायला लावलं. इतक्या वर्षांनी मला कळलं की गोल मारताना मी जीभ बाहेर काढते! तू रोज बघायचीस आणि एकदाही बोलली नाहीस, चांडाळणी. एस्तेरे नावाची पोर आहे वर्गात, बारा वर्षांची, उंच, अबोल. तिने स्वतःचा फेकलेला चेंडू हळू होऊन जाताना सहा वेळा पाहिला आणि सातव्या वेळी मैदानात जाऊन मनगट सरळ केलं. मला काही सांगावंच लागलं नाही. खरं सांगू, जरा वाईटच वाटलं.

तुमच्या निळ्या फरशीच्या मैदानाचा फोटो मुलींना दाखवला. एकीने विचारलं, उन्हात त्यावर पाय भाजत नाहीत का? मी म्हटलं, तिथल्या मुलींना बूट असतात. मग मी फोटो बंद केला आणि चेंडू हातात घेतला.

बाकी ठीक. गिरणीचं इंजिन बसलंय, पीठ आणायला आता पार बाजारापर्यंत जावं लागतं. पोरी वर्गात पेंगतात. आईने उसिपा पाठवलाय, कंडक्टरला खाऊ देऊ नकोस.

तुझी,
झियोने


लिलोंग्वे,
५ नोव्हेंबर

झियोने,

परवा मी प्रकल्पाच्या कार्यालयात फळ्यासमोर उभी होते. सलग तिसऱ्या आठवड्यात तुझी शाळा पहिली. दर मुलामागे दिवसाला एकोणीस हजार पावलं! आम्ही पाचव्या, सात हजारांवर.

अभिनंदन. हा शब्द लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा नीट जपून ठेव.

आमच्या मुख्याध्यापिकेने सगळ्या शिक्षकांसमोर मला काय विचारलं माहितेय? "मिस एलुबे, पुस्तिका तुम्ही लिहिलीत ना? मग वाळूतल्या शाळेने ती जास्त नीट वाचलेली दिसते." सगळे हसले. मीही हसले, दात दुखेपर्यंत. आता ही बाई स्वतः पट्टे हरवतील म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवते आणि मुलांना फक्त खेळाच्या तासाला देते, ते मात्र कुणी बोलत नाही.

पण मला सांग, एकोणीस हजार म्हणजे किती? शाळेची तुमची वाट मला माहीत आहे, मी चाललेय त्यावरून. येऊन-जाऊन सहा-सात हजार. मग उरलेली कुठून येतात? काय गं, पट्टे बकऱ्यांच्या गळ्यात बांधून सोडल्यास की काय?

आणि आणखी एक. फळ्यावर मुलगे-मुली वेगळे मांडलेत. तुझ्या मुलग्यांचे बारा हजार आणि मुलींचे सव्वीस. एकाच गावची पोरं, एकाच वाटेने येतात, एकाच तासाला खेळतात. मग मुलींचे दुप्पट कसे?

नीट उत्तर दे.

एलुबे


न्खोताकोटाजवळ,
२० नोव्हेंबर

एलुबे,

गोल अडवता आला नाही की डिफेन्सवाली पंचाकडे बघते, ही तुझी जुनी सवय गेली नाही.

मुली जास्त का? कारण मुली जास्त हलतात. मुलगे आंब्याखाली बसतात. तुझ्या पुस्तिकेत याच्यासाठी वेगळा धडा घाल.

गावप्रमुखांनी शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगाने 'पहिला क्रमांक' लिहवून घेतलंय. मुलं येता-जाता त्या अक्षरांना हात लावतात. हेडमास्तर आजवर मला "ती खेळवाली बाई" म्हणायचे, आता मॅडम म्हणतात. प्रशिक्षकाच्या जागेसाठी माझं नाव पाठवणार आहेत. तुला सांगायचं नव्हतं, पण कुठून तरी कळणारच.

लहानपणी प्रत्येक नाताळात तुझं काहीतरी नवं यायचं आणि तुझं जुनं माझ्याकडे. तुझे ते पांढरे बूट आठवतात? माझ्याकडे आले तेव्हा अंगठ्यापाशी भोक होतं. मी त्यात पुठ्ठा घालून जिल्ह्याची स्पर्धा खेळले आणि तुला वाटत होतं की टाळ्या मला फुकट मिळतात. एखाद्या फळ्यावर तुझं नाव माझ्या खाली बघायला मला फार बरं वाटतंय, एलुबे. फार म्हणजे फार. हसत लिहितेय, पण खरं लिहितेय.

बकऱ्या मजेत आहेत, तुझी आठवण काढतात.

झियोने


लिलोंग्वे,
१२ डिसेंबर

प्रिय झियोने,

तुम्हा सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. सोबत आत्यासाठी कमरेला गुंडाळायचं चितेंजेचं नवं कापड पाठवत आहे. रंग तिला आवडेल अशी आशा आहे.

तुमचा पहिला क्रमांक अजून कायम आहे, अभिनंदन. जानेवारीत प्रकल्पाची माणसं काही शाळांना भेट देणार असल्याचं कानावर आलं. काळजीचं कारण नाही, अशा भेटी नेहमीच्याच असतात.

माझी तब्येत ठीक आहे. मुलांच्या परीक्षा चालू आहेत.

तुझी,
एलुबे


न्खोताकोटाजवळ,
२४ जानेवारी

एलुबे,

तुझ्या मागच्या पत्रात एकही शिवी नव्हती. आईने ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "पोर आजारी आहे का गं?" मी म्हटलं, नाही, कामात असेल.

प्रकल्पाची माणसं मंगळवारी आली. काही शाळांना नाही, फक्त आमच्याच शाळेत. एक बाई, एक पुरुष, पांढरी गाडी. सगळ्या शाळेला मैदानात उभं केलं. त्या माणसाने खिशातून कागद काढला आणि वाचला. निनावी तक्रार होती. त्यात लिहिलं होतं की या शाळेचे आकडे खोटे आहेत, शिक्षिका हे जाणूनबुजून करते आणि पट्टे मुलांच्या हातावर नसून बकऱ्यांच्या गळ्यात बांधले जात असण्याची शक्यता आहे.

बकऱ्या म्हटल्यावर मुलं खदखदून हसली. मग त्यांनी हेडमास्तरांचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं.

त्या माणसाने मला विचारलं, एवढी पावलं कुठून आली? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. त्यांनी एकेका मुलाच्या हातावरून पट्टा काढून पिशवीत टाकला. पोरांच्या मनगटावर फिकट पट्टी उमटलीय, तेवढी राहिली. एकोणचाळीस पट्टे गेले. चाळिसावा एस्तेरेच्या हातावर, ती मावशीच्या गावी मयताला गेली होती. भिंतीवरच्या अक्षरांवर चुना मारला, पण निळा रंग खालून दिसतो. शनिवारी शेजारच्या गावाशी सामना होता. आमची टीम मैदानात उतरली तशी बाहेरची पोरं बकऱ्यांसारखी ओरडायला लागली. आम्ही चौदा गोलांनी हरलो. हेडमास्तरांनी माझं नाव मागे घेतलं आणि पुन्हा "ती खेळवाली बाई" सुरू झालं.

घरी येऊन मी तुझं नोव्हेंबरचं पत्र काढलं, वाचलं आणि होतं तिथे परत ठेवून दिलं.

तुला मला काही सांगायचं आहे का?

झियोने


लिलोंग्वे,
९ फेब्रुवारी

झियोने,

हो. ती तक्रार मी लिहिली.

चार वेळा पत्र फाडलं. प्रत्येक वेळी काहीतरी कारण सुचायचं: प्रकल्पाची विश्वासार्हता, पुस्तिकेचे नियम, मुलांचं भलं. सगळं थोतांड. मी जळत होते, बाई. फळ्यावर तुझ्या शाळेचं नाव दिसलं की मी आधी आपल्यातलं अंतर मोजायचे. नोव्हेंबरात तू लिहिलंस की तुझं नाव प्रशिक्षकासाठी जाणार, आणि मुख्याध्यापिका म्हणाली, "तुमच्या बहिणीलाच बोलवा की इथे शिकवायला." त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये बसून कागद लिहिला. बकऱ्या हाताखालून कशा गेल्या ते मला कळलंसुद्धा नाही. मी तुला ते तोंडावर म्हटलं होतं तेव्हा तो विनोद होता. तेच तुझ्या मागे म्हटलं आणि त्याची चहाडी झाली.

आपल्या माणसांत मामा-आत्याच्या लेकरांना तोंडावर काहीही बोलायची मुभा आहे. चोर म्हण, माकड म्हण, तुझा नवरा म्हातारा आहे म्हण, कुणी रागवायचं नाही. पण पाठीमागे एक शब्द नाही. हा एकच नियम होता आणि मी तोच मोडला. बाबांना सांगितलं. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. मी काही खाल्लं की नाही ते विचारलंसुद्धा नाही.

काल प्रकल्पाच्या कार्यालयात जाऊन माझ्या नावाने लिहून दिलं, की तक्रार माझी होती, माझ्याकडे पुरावा नव्हता आणि प्रशिक्षकाच्या जागेसाठी माझं नाव काढा. त्या बाईने थंडपणे सांगितलं की जागा आधीच भरली. मझुझूचे कोणी वेझी न्यिरेंडा म्हणून गृहस्थ आहेत. ते फुटबॉल शिकवतात. मला त्यांनी विचारलं, नेटबॉलच्या कडीमागे फळी नसते का, मग चेंडू आपटतो कशावर? तू आणि मी भांडलो आणि जागा या माणसाला मिळाली.

रिवाजाप्रमाणे दंड माग. माझ्या घरातलं हवं ते उचल.

पण तोंडावर एक विचारते, कारण आता तोंडावरच विचारायचं. मुलींचे आकडे दुप्पट का होते? मला अजूनही वाटतं, काहीतरी होतं.

एलुबे


न्खोताकोटाजवळ,
६ मार्च

एलुबे, अगं चहाडखोर घुबडे,

शिवी घातली. आता श्वास घे.

होतं. काहीतरी होतं, आणि मला ऑक्टोबरपासून माहीत होतं.

गिरणी बंद पडल्याचं मी तुला लिहिलं होतं. बाजारचं पीठ रोज परवडत नाही, म्हणून तेव्हापासून घराघरांत उखळं वाजतायत. पोरी पहाटे वाळवलेला कसाव्याचा कंद कांडतात आणि शाळेतून आल्यावर पुन्हा कांडतात. मुसळ वर गेलं, खाली आलं, वर असताना टाळी वाजवली, पुन्हा धरलं. दुसऱ्या आठवड्यात मुलींचे आकडे पाहून मला शंका आली, म्हणून मी स्वतः पट्टा बांधून आईच्या उखळावर उभी राहिले. शंभर घाव घातले. पाय जागचे हलले नाहीत आणि पट्ट्यावर एकशे नव्वद पावलं! त्याला बिचाऱ्याला हात आणि पाय वेगळे कळत नाहीत.

मला तेव्हाच टेकडी चढून तुला फोन करायला हवा होता. मी टेकडी चढले आणि आकडे पाठवले. तुझं नाव खाली जायला लागलं होतं ना. तू मुलींचं विचारलंस तेव्हा आंब्याखालची थाप मारली. आणि जानेवारीत त्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं, पावलं कुठून आली, तेव्हा एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. उखळ. पण मग सगळ्यांना कळलं असतं की मला आधीपासून ठाऊक होतं. मी माझी लाज झाकली आणि माझ्या पोरांना बकऱ्या म्हणवून घेतलं. तुझी तक्रार वाईट होती, पण संशय खरा होता. आता ठरव कुणाचं पाप मोठं. मी ठरवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तुझे न्यिरेंडा गुरुवारी इथे आले होते. माणूस वाईट नाही, घाम फार येतो. मी त्यांना आणि हेडमास्तरांना सगळं सांगितलं. हेडमास्तर अजून माझ्याशी बोलत नाहीत. न्यिरेंडांना पटेना, म्हणून एस्तेरेजवळचा चाळिसावा पट्टा त्यांच्या हातावर बांधला आणि त्यांना उखळापाशी नेलं. पोरी भोवती जमल्या. गृहस्थाने चाळीस घाव घातले आणि आंब्याखाली जाऊन बसले. पट्ट्यावर शहात्तर पावलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि वहीत लिहायला लागले.

उखळ अर्धं राहिलं होतं. एस्तेरेने मुसळ उचललं आणि उरलेला कसावा कांडून टाकला, कारण तो कुणाला तरी कांडायचाच होता. पट्टा न्यिरेंडांच्या हातावर, ते सावलीत. कांडून झाल्यावर ती त्यांच्याजवळ गेली आणि पट्टा बघितला. शहात्तरच होते.

मला म्हणाली, "मॅडम, हे धरलं नाही?"

एलुबे, अबोल पोर आहे ती. वर्षभरात तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

न्यिरेंडांनी तोडगा काढलाय. पट्टे परत मिळणार आहेत, पण आता घोट्यावर बांधायचे, म्हणजे कांडणं मोजलं जाणार नाही. तोडगा बरोबर आहे, मीही मान डोलावली. मग हिशेब मांडून पाहिला. घोट्यावर बांधलं तर मुलगे वर जाणार आणि मुली खाली, कारण मुलगे शाळा सुटल्यावर चेंडूमागे धावतात तेव्हा मुली उखळापाशी उभ्या असतात. फळा म्हणेल, मुली आळशी. आणि तो फळा वाचून एखादी एलुबे एखाद्या झियोनेला पत्र लिहील.

म्हणून सोमवारपासून दोन उखळं मैदानाच्या कडेला आणून ठेवलीत. घरोघरी निरोप पाठवला की कसावा शाळेत पाठवा. खेळाच्या तासाला मुलगे कांडतात आणि मुली खेळतात. दुसऱ्या दिवशी उलट, मुलगे खेळतात आणि मुली सावलीत बसतात. नुसत्या बसतात. गावप्रमुख रागावलेत, दोन बाप घरी येऊन ओरडून गेले. पण पीठ तयार मिळतं म्हणून आया काही बोलत नाहीत. मुलग्यांच्या हातांना फोड आलेत. त्यांचं कांडणं मी टॅबलेटवर हळू करून दाखवते, कोपर कुठं ढिलं पडतं ते. एस्तेरे शेजारी उभी राहून हसते. तिचे दात मी पहिल्यांदाच पाहिले.

यंदा आमचा नंबर नववा किंवा दहावा येईल. तू वर असशील. आत्तापासूनच जळतेय, हे तोंडावर सांगून ठेवते.

आता दंड. ईस्टरच्या सुट्टीत ये. बूट आणायचे नाहीत. भर दुपारी तापलेल्या वाळूत कडीखाली उभी राहा आणि माझ्या पोरींसमोर मला अडवून दाखव. एस्तेरे चित्रण करील, मग आपण दोघी ते हळू करून बघू. माझी जीभ बाहेर येते तशी तुझी कुठली खोड असेल तर तीही दिसू दे.

मामाला सांग, ताटावर बस. पोरीने कबूल केलंय.

झियोने